पोथीची शिवण

सिन्नरच्या गोंदेश्वराचा काळा दगड शतकानुशतके ऊनपाऊस खात उभा आहे. ज्या यादवांच्या अमदानीत तो उभा राहिला, त्याच अमदानीत पुढे लीळाचरित्र लिहिले गेले, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. या दोहोंपैकी एकाचीही मूळ प्रत आज उपलब्ध नाही. आपल्या हाती आहेत त्या नकला, बहुधा नकलांच्याही नकला. दगड टिकला यात नवल ते काय! कागद कोणी टिकवला आणि कशात बांधून टिकवला, हे खरे नवल. मराठी संशोधनाने पोथीतला मजकूर कसोशीने तपासला, पोथीच्या बांधणीकडे मात्र बहुतेकदा पाठ फिरवली.

सिन्नरचे नाव यादव राजा सेऊणचंद्राच्या शके 991 (इ.स. 1069) मधल्या ताम्रपटात आढळते. हा ताम्रपट वसईत मिळाला. ताम्रपट हीसुद्धा एक बांधणीच असते. पत्र्यांना भोके पाडायची, त्यांतून जाड कडी ओवायची आणि कडीच्या जोडावर राजमुद्रा बसवायची. कडी कापल्याशिवाय मधला पत्रा काढता येत नाही, खोटा घालताही येत नाही. दानपत्राचा खरेपणा अक्षरांइतकाच त्या कडीवर अवलंबून असे.

पुढे यादवांची राजधानी सिन्नरहून देवगिरीला गेली. तिथल्या हेमाद्री पंडिताचे नाव देवळांच्या बांधणीला कायमचे चिकटले; पण त्याच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’तल्या दानखंडात विद्यादानाचाही विचार आहे. विद्यादान म्हणजे नुसते शिकवणे नव्हे. चांगल्या लेखकाकडून ग्रंथाची नक्कल करवून घ्यायची आणि ती सन्मानाने दान द्यायची, हे त्या काळी पुण्यकर्म होते. देवळाला गाव इनाम देणाऱ्या समाजाला पोथीचीही किंमत कळत होती.

लीळाचरित्रात सिन्नरचे नाव येते. त्या ग्रंथाची कथा कोणत्याही कादंबरीला मागे टाकील अशी आहे. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या पश्चात म्हाइंभटांनी, नागदेवाचार्यांच्या देखरेखीखाली, गावोगाव माणसे गाठून त्यांच्या आठवणी गोळा केल्या आणि तेराव्या शतकाच्या अखेरीकडे त्या रिद्धपूरला लिहून काढल्या. चौदाव्या शतकाच्या आरंभी स्वारी आली. पंथाची परंपरा तिला खालशाची धाड म्हणते. पळापळीत पोथ्या गेल्या. मग ज्यांना पाठ होते त्यांनी आठवून पुन्हा लिहिले. एका ग्रंथाचे अनेक पाठ झाले, आणि कोणाचा पाठ खरा या प्रश्नाने विसाव्या शतकातल्या संपादकांची झोप उडवली. वि. भि. कोलते यांनी संपादिलेली प्रत 1978 मध्ये निघाली, तीही वादात सापडली.

त्या धाडीनंतरच्या काळात महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी, अंक अशा सांकेतिक लिप्यांत बंदिस्त केले होते. सकळ लिपी रवळोबासांनी बसवली, असे परंपरा सांगते. एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर लिहायचे, की परक्याला पान उघडूनही काही उमगत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी या लिपीची किल्ली जगापुढे ठेवली, तोवर मठाबाहेरच्या मराठी माणसाला आपलेच आद्य गद्य परके होते. गंमत अशी की याच पोथ्या पंथाबरोबर पंजाबात आणि थेट काबूलपर्यंत गेल्या. तिकडे ‘जयकृष्णी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अनुयायांनी मराठीला धर्मभाषेचा मान दिला.

पांगलेल्या माणसांनी पोथ्या उराशी धरून नेण्याचा दुसरा मोठा दाखला आर्मेनियाचा. हे लोक आपल्याला अगदीच अनोळखी नाहीत. मुंबईच्या फोर्टात मेडोज स्ट्रीटवर त्यांनी 1796 मध्ये चर्च बांधले, आणि जगातले पहिले आर्मेनियन नियतकालिक 1794 मध्ये मद्रासेत छापले गेले. त्यांची लिपी मेस्रोप माश्तोत्सने पाचव्या शतकाच्या आरंभी घडवली. येरेवानमधले ‘मातेनादारान’ हे हस्तलिखितांचे भांडार त्याच्याच नावाने चालते. तिथे मूशचा प्रवचनसंग्रह आहे: 1200 ते 1202 या काळात चर्मपत्रावर लिहिलेला, सुमारे 28 किलो वजनाचा. आर्मेनियनांच्या 1915 च्या संहारात दोन बायकांनी तो दोन भागांत उचलून नेला. एक भाग एचमियाझिनच्या धर्मपीठात पोहोचला, दुसरा वाटेत पुरला गेला आणि नंतर हाती लागला.

आर्मेनियन बांधणीची ओळख अभ्यासक दुरूनही पटवतात. लाकडी फळ्यांवर चामडे, त्यावर दाबून उठवलेला वेणीसारखा क्रूस, फळ्यांना आतून कापडाचे अस्तर, कण्याच्या दोन्ही टोकांना रंगीत दोऱ्यांची उंच गुंफण आणि कडेची पाने झाकणारी चामड्याची झडप. ग्रंथाच्या शेवटी लेखक आपले नाव, साल, त्या वर्षीचा दुष्काळ किंवा स्वारी नोंदवतो. लुटून नेलेला ग्रंथ खंडणी भरून कसा सोडवून आणला, हेही तिथेच. त्यामुळे आर्मेनियाचा इतिहास लिहिताना या समाप्तिलेखांवाचून इतिहासकाराचे पान हलत नाही.

आपल्याकडचे समाप्तिलेखही कमी बोलके नाहीत. शके, संवत्सर, तिथी, वार, गावाचे नाव, ‘हस्ताक्षर अमुक’ आणि कोणासाठी लिहिले, हे सगळे शेवटच्या पानावर असते. लिहिताना पाठ, कंबर, मान मोडली तेव्हा हा ग्रंथ झाला, तो तेलापासून, पाण्यापासून आणि ढिल्या बांधणीपासून राखा, अशी विनवणीही पुष्कळ पोथ्यांत असते. मजकूर हरवण्याची सुरुवात बांधणी सैल होण्यापासून होते, हे त्या लेखकांना अनुभवाने कळले होते.

त्यांची हत्यारे साधी होती. बोरूचे टोक तिरके कापायचे. दिव्याची काजळी बाभळीच्या डिंकात घोटून शाई करायची. तांबड्या ओळींना आणि दंडांना हिंगूळ, चुकलेल्या अक्षरावर पिवळी हरताळ. कागद जुन्नरचा किंवा दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्याचा, गोट्याने घोटून गुळगुळीत केलेला. सुटी आडवी पाने दोन फळ्यांमध्ये ठेवून तांबड्या बासनात गुंडाळायची, आत वेखंडाचे कुडके टाकायचे, म्हणजे कसर लागत नाही.

पण सुटी पाने बैठकीला बरी, फिरत्या माणसाला नव्हेत. त्याने पोथी शिवली. मठांतून सुट्या पोथ्यांबरोबर शिवलेले गुटके मिळतात ते यामुळेच. कीर्तनकार आणि रामदासी यांची आवडती चीज म्हणजे बाड. लांबट कागद आखूड बाजूला शिवलेले, पान खालून वर उलटायचे. त्यात अभंग, आरत्या, श्लोक, मध्येच एखादे औषध किंवा उधारीचा हिशेबही! धुळ्याला शंकर श्रीकृष्ण देव यांनी 1893 मध्ये सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि गावोगाव फिरून अशी बाडे जमवली. ती आज तिथल्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. रामदासांच्या हातचे मानले जाणारे वाल्मीकी रामायणही तिथेच.

बाड उघडले की शिवणीपाशी बोट फिरवावे. दोरा बदललेला दिसला, तर पाने मागाहून घातलेली असू शकतात. पानाच्या खालच्या कोपऱ्याला बोटाचा तेलकट डाग असला, तर तिथला अभंग रोजच्या म्हणण्यातला. कोरी पाने कुठे सोडली आहेत, पुठ्ठ्याच्या आत कोणता रद्दी कागद चिकटवला आहे, यावरूनही मालकाचा पत्ता लागतो. आपल्या बहुतेक सूच्यांत मात्र पानांची संख्या, लांबी-रुंदी आणि पूर्ण-अपूर्ण एवढ्यावर नोंद संपते. पाने स्कॅन करताना सोय व्हावी म्हणून जुनी शिवण उसवली, तर हा पुरावा कायमचा गेला. डिजिटल प्रत हवीच. पण ती मजकुराची असते, पोथीची नसते.

शिवण-बांधणीचे हे कसब पूर्ण संपलेले नाही. येत्या लक्ष्मीपूजनाला बाजारपेठेतल्या गाद्यांवर कीर्द-खतावणीच्या नव्या लाल वह्या पूजेला मांडल्या जातील. हिशेब संगणकात गेला, वही मात्र लाल कापडाची, दोऱ्याने शिवलेलीच लागते. जुन्या बायंडरकडे जुजबंदी, खळ, अस्तर हे शब्द अजून रोजच्या वापरात असतात आणि खळीत किडीसाठी मोरचूद घालण्याची रीतही ठाऊक असते. मराठी हस्तलिखितांच्या दुरुस्तीत या माणसांना बोलावले पाहिजे. भांडारे परदेशी तज्ज्ञांची वाट पाहतात आणि गल्लीतला कारागीर लग्नाच्या पत्रिकांचे पुठ्ठे चिकटवत बसतो, हे बरे नव्हे.

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावर एखादे बासन निघाले, तर ते गोदावरीत सोडू नका. अशा किती पोथ्या नदीने पोटात घातल्या त्याची गणती नाही. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. दोरा तुटला असला तरी ओढू नका, तुकड्यासह ठेवा. सुती कापडात गुंडाळून ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाला, भांडारकर संस्थेला किंवा धुळ्याच्या राजवाडे मंडळाला दाखवा, आणि फोटो काढताना पहिला फोटो शिवणीचा काढा.