जामखेडचं काम वाढलं ते कुणाच्या हातून?

मैत्रिणींनो, ग्रामसंघाच्या मिटिंगला कुणी पाहुणे आले आणि ‘काम किती वाढलं?’ म्हणाले, की आपण पटकन रजिस्टर पुढे करतो. इतके गट, इतकी बचत, इतकं कर्जवाटप. आकडे हवेतच. पण यावेळी जामखेडच्या एका संस्थेची वाढ बघू या, ती जरा वेगळ्या वाटेने झाली.

1970 साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या जामखेडला आलं. तालुका कायम दुष्काळी. गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत त्यांनी माणसांचा दवाखाना सुरू केला. तेव्हा त्या भागात जन्मलेल्या हजार बाळांपैकी पावणेदोनशेच्या आसपास बाळं वर्षाच्या आतच जात. जुलाब, धनुर्वात, कुपोषण ही कारणं. दवाखान्यात बसून हे थांबणार नव्हतं, कारण बाळ तिथवर पोचेपर्यंत उशीर झालेला असे.

म्हणून त्यांनी आधी शिकलेल्या नर्स गावात ठेवून पाहिल्या. ते जमलं नाही. बाहेरून आलेली एकटी तरुण मुलगी, तिच्यावर गावाचा भरवसा बसेना आणि तिलाही गावात करमेना. मग गावातलीच बाई निवडायचं ठरलं. यातल्या बऱ्याच जणी निरक्षर होत्या, कितीतरी दलित वस्तीतल्या होत्या. आठवड्याला जामखेडला यायचं, मुक्काम करायचा, शिकायचं आणि गावात जाऊन तेच दुसऱ्यांना शिकवायचं. सुरुवातीला एकत्र जेवायलाही काही जणी तयार नव्हत्या. जातीचं हे ओझं एका दिवसात उतरलं नाही, हळूहळू उतरलं.

1972 चा दुष्काळ तुमच्या सासूबाईंना विचारा, त्या सांगतील. तेव्हा बोअर घ्यायची वेळ आली, तर जागा दलित वस्तीजवळ पाहिली गेली. पाणी तिथे लागलं, मग अख्ख्या गावाने तिथेच हंडे लावले. मला विचाराल तर शंभर भाषणांपेक्षा हा हातपंप भारी!

त्या बायका नुसती औषधं वाटत नव्हत्या. गरोदर बाई तपासणं, नाळ स्वच्छ ब्लेडने कापणं, जुलाब झालेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी पाजणं, कुष्ठरोगाचा चट्टा ओळखणं हे सगळं त्या करत. पुढे महिला विकास मंडळं, शेतकरी मंडळं उभी राहिली. तिथे आरोग्याबरोबर शेळ्या, कर्ज, झाडं यांचंही बोलणं होऊ लागलं. आपल्या गटासारखंच म्हणा ना. विसेक वर्षांनी हजारामागे दगावणाऱ्या बाळांचा आकडा तिसाच्या खाली आला.

संस्थेचं नावही मोठं झालं. 1979 ला आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दवाखाना वाढला, जयपूर फूट बनवायची कार्यशाळा झाली, देशोदेशीचे डॉक्टर शिकायला येऊ लागले. त्यांना शिकवायला कोण उभं राहायचं? त्याच गावातल्या बायका. आज आपल्या गावात फिरणारी आशाताई आहे ना, 2005 च्या त्या योजनेमागे जामखेडसारख्या कामांचा अनुभव आहे. 1999 ला मेबलताई गेल्या, 2011 ला रजनीकांत गेले. काम चालू राहिलं, कारण जे यायचं ते गावोगावच्या बायकांना आधीच येत होतं.

आमच्याच एका गटात सचिवताई बाळंतपणाला माहेरी गेली, तर तीन महिने पुस्तक कोरं! दहा जणी होत्या, लिहिणारी एकच. म्हणून पुढच्या मिटिंगला प्रत्येक गटाने एवढं करा: सचिवांनी वही बाजूच्या ताईकडे द्यावी, त्या दिवसाचा हिशोब तिने मांडावा आणि सचिवांनी नुसतं शेजारी बसावं. चुकलं तर खोडा, पुन्हा लिहा. त्याच्या पुढच्या मिटिंगला वही तिसरीकडे द्या.