भिंत बोलते ती ऐकावी

दिवाळी तोंडावर आली की घरोघर भिंतींची आठवण होते. रंगाचे काम घाईत उरकले तरी निभावते; गिलाव्याला मात्र घाई सोसत नाही. जालना जिल्ह्यातल्या वाटूरच्या आमच्या घरी यंदा याच गोष्टीवरून वाद झाला. दर्शनी खोलीची भिंत विटांची, चुन्यात बांधलेली. वडिलांनी तिच्यावर हौसेने कंगव्याच्या रेघा ओढलेला खरबरीत गिलावा करवला होता. पुढे त्यावर तैलरंगाचे थर चढले. रेघांत धूळ बसते, ही वहिनींची जुनीच तक्रार. पण पावसाळ्यानंतर ताटाएवढा पोपडा आईच्या खाटेच्या उशाशी पडला, तेव्हा सगळ्यांच्याच पोटात गोळा आला. खाट त्याच दिवशी माजघरात हलवली.

“भावोजी, पाडव्याला लेकी-जावई येणार. वरून सिमेंटचा एक हात फिरवला की झाले!” वहिनी म्हणाल्या.

गवंडीमामांनी उत्तर दिले नाही. हातोडीच्या दांड्याने ते भिंत ठोकत गेले. खणखणीत वाजले ते राखायचे, बद्द वाजले तिथे खडूची फुली. निम्म्याहून अधिक भिंत फुल्यांनी भरली, तेव्हा वहिनीही गप्प झाल्या.

खरबरीत भिंतीवर नवा गिलावा आपोआप धरेल, असे आपल्याला वाटते. अजिंठ्याच्या लेण्यांत ते खरेही ठरले आहे. छिन्नीच्या घावांनी ओबडधोबड राहिलेल्या दगडावर काड्या, तूस मिसळलेल्या मातीचा लेप दिला आणि त्यावरची चित्रे दीड हजार वर्षे टिकली. पण तिथे दगड आणि माती यांच्यामध्ये तैलरंग नव्हता! गुळगुळीत रंगावर गिलावा पकड घेत नाही. तो खरवडायलाच हवा, आणि तोही भिंत ओली करून. जुन्या तैलरंगात शिसे असू शकते. घरगुती रंगांतल्या शिशावर दशलक्षात ९० भागांची मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली. त्याआधीच्या रंगाची धूळ लहान मुलांच्या पोटात जाणे वाईट.

आम्हां मराठीच्या मास्तरांना शब्दही खरवडून पाहण्याची खोड. गिलावा फारसीतून आला. ‘गिल’ म्हणजे माती, ‘आब’ म्हणजे पाणी. भिंतीचा वैरी लोणा हा लवणाचा नातलग. जमिनीतली ओल भिंतीतून वर चढते, वाळताना क्षार मागे ठेवते आणि त्यांचे स्फटिक गिलाव्याला आतून ढकलतात. म्हणून आधी ओलीचा उगम शोधावा. आमच्याकडे तो मागच्या मोरीत सापडला. चुन्याच्या भिंतीवर कडक सिमेंट थापले, तर ओल आतच कोंडते; आम्ही चुनाच ठरवला.

आमच्याकडची काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे भेगेवर कागदाची पट्टी चिकटवून तारीख लिहून ठेवली आहे. पट्टी फाटली तर दुखणे पायात आहे, गिलाव्यात नव्हे.

पाडवा उघड्या विटांसमोर होईल. मग विटांचे सांधे अर्धा इंच खोल कोरायचे, ब्रशने धूळ झाडायची, आदल्या संध्याकाळी भिंतीला पाणी पाजायचे. सकाळी ती दमट हवी, निथळणारी नको. पहिला थर अर्ध्या इंचाहून जाड नको, आणि पुढचा आठवडाभर तो उन्हावाऱ्यापासून जपून ओलसर ठेवायचा.