फोटोत पाय आले पाहिजेत

घरात बारसे असो, लग्न असो की शाळेचे स्नेहसंमेलन असो, कुणीतरी नाचते आणि कुणीतरी फोटो काढते. नाचणाऱ्याने महिनाभर तालीम केलेली असते, फोटो काढणाऱ्याने मात्र क्षणभरही विचार केलेला नसतो. मग फोटोत हात धुरकट, डोळे मिटलेले आणि पाय तर नाहीतच! वाचकहो, ही चूक आम्हीही केली आहे. ती जिच्या बाबतीत केली, तिची ही हकिकत.

पुणे-सोलापूर रस्त्यावर चौफुल्याला संगीतबारीची थिएटरे आहेत. तिथे लावणी करणाऱ्या एका ताईंशी आमची जुनी ओळख. तीस वर्षे नाचून त्यांचे गुडघे झिजले होते. दिवाळीनंतर घुंगरू सोडायचे, असे त्यांनी ठरवले होते. बैठकीला येणारा प्रत्येक जण फोनवर त्यांचा नाच टिपून नेई. त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र नाचतानाचा एकही फोटो नव्हता. त्या म्हणाल्या, "दादा, माझा नाच गावोगावच्या लोकांच्या खिशात हाय, माझ्या भिंतीवर न्हाई. कागदावरचा एक फोटो काढून द्या. लेकीला द्यायचाय."

लेक नर्सिंगचे शिक्षण घेत वसतिगृहात राहते. तिला ताईंनी बैठकीच्या दारात कधी पाऊल टाकू दिले नव्हते. आईच्या कष्टावर ती शिकली, पण आईचा नाच तिने पाहिला नव्हता.

आमचा कॅमेरा रोलचा. पेंटॅक्स के-१०००. हे मॉडेल १९७६ ते १९९७ या काळात बनत होते. सगळे हाताने करायचे. सेल लागतो तो फक्त प्रकाश मोजणाऱ्या काट्याला. आम्ही तो घेऊन भर बैठकीत गेलो. खोलीत प्रकाश कमी म्हणून फ्लॅश लावला, आणि नाच वेगाचा म्हणून शटर १/१२५ सेकंदावर ठेवले. फ्लॅश उडाला की ताईंच्या डोळ्यांपुढे अंधारी येई, ढोलकीवाला वैतागून आमच्याकडे बघे. रोल धुतला तेव्हा कळले की प्रत्येक फोटोचा खालचा अर्धा भाग काळा!

कारण साधे आहे. या कॅमेऱ्यात फिल्मपुढे दोन कापडी पडदे असतात. पहिला सरकला की फिल्म उघडी पडते, दुसरा मागून येऊन ती झाकतो. १/६० सेकंदापर्यंत पूर्ण फिल्म एकाच वेळी उघडी असते. त्याहून वेग वाढवला, की पहिला पडदा शेवटाला पोचण्याआधीच दुसरा निघालेला असतो. फ्लॅशचा उजेड तर क्षणभराचाच. जो भाग झाकलेला, तो काळाच राहणार. शिवाय संपूर्ण आकृती यावी म्हणून आम्ही कॅमेरा उभा धरला होता. त्यामुळे चेहरा आला आणि कमरेखाली अंधार.

ताई रागावल्या नाहीत. फोटो उलटसुलट करून एवढेच म्हणाल्या, "दादा, आमची सारी कमाई पायात. त्येच तुम्ही अंधारात टाकलं."

हे वाक्य आमच्या जिव्हारी लागले.

अमेरिकेतल्या बार्बरा मॉर्गन यांनी १९४० साली नर्तिका मार्था ग्रॅहम यांचा काढलेला एक फोटो जगभर गाजला. पुढे वाकलेले शरीर, मागे उसळलेला घागरा. तो फोटो चालू कार्यक्रमात काढलेला नव्हता. मॉर्गनबाई आधी नाच पुन्हा पुन्हा बघत, त्यातल्या नेमक्या हालचाली निवडत आणि मग त्या कॅमेऱ्यासाठी वेगळ्या करवून घेत. आम्हीही तेच करायचे ठरवले. एका दुपारी, गिऱ्हाईक नसताना, तालमीच्या वेळी गेलो. पहिली दोन गाणी कॅमेरा पिशवीतच ठेवला आणि नुसते पाहिले.

फ्लॅश या वेळी घरीच होता. रोल होता इलफोर्ड एचपी५ प्लस, कृष्णधवल, ४०० वेगाचा. भिंग पूर्ण उघडले, एफ/२ वर, तरी काटा १/३० सेकंद दाखवी. एवढ्यात लावणीचा पाय थांबत नाही. म्हणून रोल १६०० वेगाचा आहे असे धरून चाललो आणि १/१२५ मिळवले. याची भरपाई रोल धुताना करावी लागते. तो औषधात नेहमीच्या वेळेपेक्षा बराच जास्त ठेवायचा. फोटोला रवा येतो, सावल्या जास्त गडद होतात. ते आम्ही पत्करले.

भिंग पूर्ण उघडे असले, की नजर थोड्याच खोलीवर बसते. तीन मीटरवरून काढताना वीतभर पुढे-मागे झाले तरी चेहरा अस्पष्ट होतो. म्हणून फरशीवर खडूने खूण केली. "ताई, सम इथंच येऊ द्या," एवढे सांगितले. आम्ही गुडघ्यावर बसलो, कारण उभ्याने काढले तर पाय आखूड दिसतात. कान ढोलकीकडे ठेवला. सम आल्यावर बटण दाबले तर उशीर झालेला असतो. सम येणार म्हणताना दाबावे लागते. आणि एक गंमत पाहा. बटण दाबताच कॅमेऱ्यातला आरसा वर जातो आणि डोळ्यांपुढे क्षणभर काळोख होतो. जो क्षण फिल्मवर उतरला, तो काढणाऱ्याला दिसतच नाही. दिसला, तर समजावे की हुकला!

छत्तीसपैकी पाच फोटो बरे आले. त्यातला एक आम्ही बाजूला काढला होता, कारण चेहरा स्वच्छ असला तरी पाय थोडे हललेले होते आणि घुंगरांच्या जागी उजेडाच्या रेघा उमटल्या होत्या. ताईंनी नेमका तोच उचलला. म्हणाल्या, "ह्यो माझा. यात पाय चालू हायेत."

लेक सुट्टीला आली तेव्हा आम्ही तिथेच होतो. तिने फोटो खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिला. मग विचारले, "आई, हे घुंगरू किती जड असतात गं?" ताई उठल्या, पेटीतले घुंगरू काढले आणि दोन्ही पायांचे तिच्या ओंजळीत ठेवले. तिचे हात खाली गेले. ती काही बोलली नाही, पण घुंगरू तिने लवकर परत दिले नाहीत.

वाचकहो, तुमच्या घरात कुणी नाचत असेल तर आधी तालमीला बसा. फ्लॅश डोळ्यांवर मारू नका. आपल्या नाचातले काय यायला हवे, ते नाचणाऱ्यालाच विचारा. आणि फोटो झाला की त्याची प्रत सर्वांत आधी त्याच्याच हाती द्या. आम्ही ताईंना निगेटिव्हसुद्धा देऊन टाकली. नाच त्यांचा होता.