मुकुटाच्या आधी

एक रीळ संपून प्रोजेक्टरवर दुसरं चढेपर्यंत पंधराएक मिनिटं जायची. तेवढ्यात प्रेक्षक उठून जाऊ नयेत म्हणून पारशी नाटक कंपनीतली एक मुलगी नाचायची. कोलकात्याच्या बगदादी ज्यू घरातून सतराव्या वर्षी बाहेर पडलेली ही एस्थर व्हिक्टोरिया अब्राहम पुढे ‘उलटी गंगा’, ‘जंगल किंग’ अशा चित्रपटांतून प्रमिला या नावाने पडद्यावर आली. 1947 मध्ये ती पहिली ‘मिस इंडिया’ झाली.

तेव्हा तिने तिशी गाठली होती. अभिनेते कुमार यांच्याशी लग्न झालेलं, घरात मुलं, आणि डोक्यावर ‘सिल्व्हर’ या स्वतःच्या निर्मितीसंस्थेचा व्याप. या नावाखाली तिने सोळाच्या आसपास चित्रपट काढले. माझ्या लेखी तिची खरी कमाई ही, किताब त्यानंतर.

1952 मध्ये अमेरिकेत लाँग बीचला पहिली ‘मिस युनिव्हर्स’ स्पर्धा भरली. 1951 च्या ‘मिस अमेरिका’ योलांड बेटबीझ यांनी पोहण्याच्या पोशाखात मिरवायला नकार दिला, तेव्हा चिडलेल्या कॅटलिना या पोशाख कंपनीने ही वेगळी स्पर्धाच उभी केली. भारताकडून गेल्या नर्तिका इंद्राणी रहमान. पंधराव्या वर्षी वास्तुविशारद हबीब रहमान यांच्याशी विवाह झालेल्या इंद्राणी त्या वेळी एका मुलीच्या आई होत्या. त्यांचं पुढचं आयुष्य नृत्यालाच वाहिलेलं. ओडिसी परदेशी रंगमंचावर नेणाऱ्या पहिल्या पिढीत त्यांचं नाव आहे.

पाचच वर्षांनी, 1957 मध्ये, ‘मिस यूएसए’ लिओना गेज विवाहित आणि दोन मुलांची आई असल्याचं उघड झालं आणि तिचा किताब काढून घेतला गेला. संसारी बाईला बंद झालेलं ‘मिस युनिव्हर्स’चं दार पुन्हा उघडलं ते 2023 मध्ये. आरंभीच्या काळातला हा मोकळेपणा आपण पार विसरलो, याची मला खंत वाटते.

आपल्याकडे पुढे ‘मिस इंडिया’ स्पर्धा महिलांच्या नियतकालिकांच्या हाती गेली. 1964 मध्ये मेहर कॅस्टेलिनो ‘फेमिना’च्या पहिल्या मिस इंडिया ठरल्या. ‘ईव्हज वीकली’ने निवडलेल्या रीटा फारिया 1966 मध्ये लंडनला ‘मिस वर्ल्ड’ झाल्या. गोवेकर आईवडिलांची ही मुंबईची मुलगी ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉक्टरकी शिकत होती. किताबाचं वर्ष संपताच चित्रपटांकडे न वळता ती अभ्यासाकडे परतली आणि डॉक्टर झाली.

1967 मध्ये ‘ईव्हज वीकली’चा मुकुट नकी जहाँ हिला मिळाला. ती प्रमिलाची मुलगी. त्याच्या चार वर्षं आधी कुमार पाकिस्तानात निघून गेले होते. प्रमिला मात्र मुंबईतच राहिली. तिचा शेवटचा चित्रपट अमोल पालेकरांचा ‘थांग’. त्यात ती आजी झाली होती. 6 ऑगस्ट 2006 रोजी ती गेली.