आवाज नेमका अडतो कुठे?

गिरगावातल्या फणसवाडीहून लॅमिंग्टन रोड चालत जाण्याएवढा जवळ. रास्पबेरी पाय हा तळहातावर मावणारा लिनक्सचा संगणक तिथे मिळतो, यूएसबी साउंड कार्डंही मिळतात. गिरगावातल्या ज्या घरांत भजनांच्या, चाळीतल्या गणेशोत्सवाच्या कॅसेटी अजून जपून ठेवल्या असतील, त्यांनी ही जोडी जरूर घरी आणावी. अशा ध्वनिमुद्रणांची दुसरी प्रत बहुधा कुठेच नसते, आणि फीत काही कायम टिकत नाही.

कार्ड लागतंच. २०१२च्या पहिल्या पायला आवाज बाहेर काढायचा जॅक होता, आत घ्यायचा नव्हता. २०२३च्या पाय ५वर तर बाहेरचा जॅकही नाही. पण स्वस्त कार्डांवर बहुतेकदा फक्त माइकची, तीही मोनो सोय असते. कॅसेट डेकच्या लाइन आउटचा जोरकस सिग्नल तिथे दिला की आवाज फाटतो. दुकानात स्टिरिओ लाइन इन असलेलंच कार्ड मागावं.

जोडलं, तरी शांतता. अशा वेळी कार्डावर लगेच संशय घेऊ नये. यूएसबी ऑडिओचे नियम १९९८पासून ठरलेले आहेत आणि ते पाळणारं कार्ड लिनक्सचा एकच ड्रायव्हर चालवतो. ड्रायव्हरची वेगळी सीडी लागत नाही. आधी ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा द्यावी. त्यात कार्ड दिसलं नाही तर केबल किंवा वीजपुरवठा तपासावा. मग ‘एप्ले’ आणि ‘अरेकॉर्ड’ या आज्ञांनी मिळणाऱ्या कार्डांच्या याद्या पाहाव्यात. तिथेही कार्ड आहे आणि तरी ऐकू येत नाही, तर आवाज बहुधा एचडीएमआयकडे जातोय. यूएसबी कार्ड डिफॉल्ट करताना त्याचा क्रमांक न लिहिता नाव लिहावं, कारण मशीन पुन्हा सुरू झालं की क्रमांक बदलू शकतो. शेवटी ‘अल्सामिक्सर’ उघडून एफ६ने कार्ड निवडावं. पट्टीखाली ‘एमएम’ दिसलं तर ती म्यूट आहे, एम दाबला की सुटते.

खरी चिकाटी लागते ती आवाज मध्येच तडतडतो तेव्हा. साध्या यूएसबी कार्डाकडे दर मिलिसेकंदाला डेटाचं एक पाकीट जातं. ४८ किलोहर्ट्झला त्यात प्रत्येक चॅनलचे ४८ नमुने असतात. पेनड्राइव्हवर फाइल जाताना पाकीट बिघडलं तर पुन्हा पाठवलं जातं. आवाजाला तेवढी उसंत नसते. हरवलेलं पाकीट गेलंच, आणि त्या जागी ‘टक्’ ऐकू येतं. जुन्या पायवर इथरनेट आणि सगळे यूएसबी पोर्ट एकाच वाटेने प्रोसेसरकडे जात, म्हणून नेटवर्कवर फाइल जात असली की आवाजाला धक्का बसे. २०१९च्या पाय ४मध्ये इथरनेटची वाट वेगळी झाली. वीज कमी पडली तरी कार्ड मध्येच गायब होतं: पाय ५ला ३ अँपिअरचा अडॅप्टर लावला तर सगळ्या यूएसबी पोर्टांना मिळून ६०० मिलिअँपिअरच मिळतात, ५ अँपिअरच्या अडॅप्टरवर १६००.

जुना पाय असेल तर कॅसेट चालू असताना नेटवर्कवर काहीही पाठवू नये. ध्वनिमुद्रण आधी पूर्ण होऊ द्यावं, नक्कल नंतर करावी.