पहिला फेरा हाताचा
थांबलेली चाकं : लेखांक ४

मुंबईत ताडदेव आरटीओत शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली ती २९ ऑक्टोबर २००३ रोजी. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळ्यापिवळ्या पद्मिनी रस्त्यावरून उतरल्या. खासगी पद्मिनी मात्र अजून आहेत : सोसायटीच्या पार्किंगच्या कोपऱ्यात, वाड्याच्या मागच्या पडवीत, ताडपत्रीखाली. त्यातली एखादी पुन्हा चालवायची असं ठरलं की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, ‘नवी बॅटरी टाका आणि सेल्फ मारून बघा.’ हा सगळा लेखांक या एका वाक्याला हरकत घेण्यासाठी आहे. दहा-पंधरा वर्षं उभ्या राहिलेल्या इंजिनात गंज चढतो, तेल आटतं, रबर कडक होतं, हे खरं. पण त्यातलं बरंचसं निस्तरता येतं. न निस्तरणारं नुकसान बहुधा सेल्फ मारल्यावरच्या पहिल्या दहा सेकंदांत होतं, आणि ते आपणच करतो.

असं का, ते इंजिनाच्या रचनेवरून कळतं. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. असं इंजिन कुठेही थांबलं तरी त्या क्षणी एक सिलिंडर हवा आत घेण्याच्या फेरीत असतो आणि एक धूर बाहेर टाकण्याच्या. म्हणजे किमान दोन सिलिंडरांचे व्हॉल्व्ह उघडे. एकात एअर फिल्टर आणि कार्बोरेटरमधून, दुसऱ्यात सायलेन्सरमधून, बाहेरची दमट हवा आत-बाहेर करत राहते. आणि आपल्याकडचे चार महिने हवा किती दमट असते ते किनाऱ्यावर राहणाऱ्यांना सांगायला नको. पिस्टनच्या रिंगा बिडाच्या बोअरला जिथे टेकलेल्या असतात तिथे गंजाची बारीक रेघ धरते. चारही सिलिंडर सारखे खराब झालेले क्वचितच दिसतात, त्याचं कारण हेच. आणखी एक गंमत : चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना आतल्या कॉम्प्रेशनमुळे जवळपास ठरावीक जागीच थांबतं. जुन्या फ्लायव्हीलच्या रिंगेचे दात समोरासमोरच्या दोन जागी जास्त झिजलेले असतात, कारण सेल्फचा दणका नेहमी तिथेच बसलेला असतो. पिस्टन बरेचदा बोअरच्या मध्यावर थांबलेले असतात. गंजाची रेघही मग तिथेच धरते, पिस्टन सर्वांत वेगाने जातो त्या जागी.

आता सेल्फ मारल्यावर काय होतं ते पाहा. रिंग चिकटली असेल तर ती सुटण्याआधी मोडू शकते, किंवा पिस्टनची जी खाच तिला धरून असते तिचा काठ तुटतो. व्हॉल्व्हची दांडी गाइडमध्ये घट्ट बसली असेल तर रॉकर खाली दाबतो, व्हॉल्व्ह मात्र हलत नाही किंवा खाली जाऊन तिथेच राहतो. वाकतो तो पुशरॉड. हेड गॅसकिटमधून पाणी झिरपून एखाद्या सिलिंडरमध्ये साचलं असेल तर आणखी वाईट, कारण पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. यावर कुणी म्हणेल, हाताने फिरवलं तरी हेच होणार नाही का? शंका रास्त आहे. हिशोब केला तर तीस सेंटिमीटरच्या पान्यावर वीस किलोचा जोर लावणारा माणूस क्रँकवर सहा किलोग्रॅम-मीटर पीळ देतो. सेल्फच्या तुलनेत हा आकडा क्षुल्लक नाही. फरक जोराचा कमी आणि जाणिवेचा जास्त आहे. हाताला अडथळा लागला की हात थांबतो. सेल्फला अडथळा कळत नाही, शिवाय त्याने फ्लायव्हील गरगरवलेलं असतं आणि त्या वजनाचा सगळा वेग अडलेल्या भागावर जाऊन आपटतो. म्हणूनच पान्याला लांब पाइप लावून जोर वाढवणं हा पर्याय नव्हे. पाइप लावला की हाताची जाणीव गेली, आणि तीच तर आपल्याला हवी होती.

काम असं करायचं. चाकांना पुढे-मागे विटा लावा, कारण हँडब्रेकवर आता भरवसा नाही. गिअर न्यूट्रलमध्ये, बॅटरी काढलेली. चारही प्लगभोवतीची धूळ आधी फुंकून घ्या, मग प्लग काढून ओळीने मांडा. कुठल्या प्लगचं टोक तांबूस आहे, कुठला कोरडा काळा, ही पहिली साक्ष. ऑइल चेंबरचा नट किंचित सैल करा आणि खाली पारदर्शक बरणी धरा : तेलाच्या आधी दोन चमचे पाणी आलं तर ते तळाशी बसलेलं पाणी आहे, आणि ते कुठून आलं याचा शोध सेल्फच्या आधी लागायला हवा. तेलाला पेट्रोलचा वास आला तर संशय फ्युएल पंपाच्या डायफ्रॅमवर घ्यावा. तो फाटला की पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरतं. जुनं तेल सगळं काढून ताजं भरा. प्रत्येक प्लगच्या भोकातून दोन-तीन चमचे पातळ तेल सोडा. आपले मेकॅनिक डिझेल घालतात, परदेशातले हौशी लोक एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं. ॲसिटोन जास्त खोल झिरपतं, पण त्याची वाफ भपकन पेट घेते, म्हणून बंद गॅरेजात नकोच. काहीही घाला, दोन-चार दिवस थांबा. मग टॅपेट कव्हर काढा आणि क्रँकच्या पुलीच्या नटावर पाना लावून, समोरून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, बोटभर फिरवा. हललं तर तेवढंच मागे घ्या, पुन्हा पुढे. दुसऱ्या माणसाने आठही व्हॉल्व्ह मोजायचे : खाली गेलेला प्रत्येक वर आला का? हँडल वापरणार असाल तर अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा आणि हँडल खालून वर ओढावं. प्लग नसताना उलटा झटका बसायचं कारण नाही, पण सवय लावायची ती योग्यच.

मुख्य आक्षेप असा, की कित्येक गाड्या बॅटरी जोडताच चालू झाल्या, त्यांचं काय? चालू झाल्या हे खरं. पण चालू झालेल्याच गाड्यांची गोष्ट सांगितली जाते. तुटलेल्या रिंगेची गाडी भंगारात जाते आणि तिची गोष्टही. शिवाय चालू होणं म्हणजे धड असणं नव्हे. बोअरवर ओरखडे काढत चालू झालेलं इंजिन सहा महिन्यांनी निळा धूर सोडू लागतं, तेव्हा दोष ‘जुनी गाडी’ या शब्दांवर ढकलला जातो. दुसरा पर्याय सुचवला जातो तो टोचन लावून गिअरमध्ये ओढण्याचा. तो सेल्फपेक्षाही घातक, कारण चाकं अडू नयेत म्हणून गिअर वरचा टाकतात आणि मग नऊशे किलोच्या आसपासच्या गाडीचा सगळा रेटा क्रँकवर येतो. याच्या अगदी उलट बाजूचे लोक म्हणतात, उगीच परीक्षा कशाला, इंजिन उतरवून पूर्ण खोला. तेही मला पटत नाही. वीस वर्षं न हललेले नट, जुनी गॅसकिटं, हेडचे स्टड हे सगळं उघडताना नवं काहीतरी मोडतंच. खोलायचं की नाही हे इंजिनाने सांगावं.

ते सांगतं कॉम्प्रेशन गेजवर. हाताने दोन-चार फेरे बिनअडथळा झाले की कॉइलची वायर काढून, प्लग बाहेरच ठेवून, भोकांवर फडकं टाकून सेल्फ मारायचा. आतलं डिझेल पिचकारीसारखं उडतं, तेव्हा तोंड लांब. आठ-दहा सेकंद, मग विश्रांती, पुन्हा आठ-दहा, तेलाचा दिवा विझेपर्यंत. त्यानंतरच गेज. आकडा शंभरच्या वर आहे की खाली यापेक्षा चौघांत फरक किती हे महत्त्वाचं. तीन सिलिंडर ११० दाखवतात आणि एक ६०, तर त्या एकात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजा : आकडा चढला तर दोष रिंगांचा, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्हचा. मात्र पहिल्याच दिवशीच्या कमी आकड्यावरून हेड खोलू नये. व्हॉल्व्हच्या बैठकीवरचा गंजाचा पापुद्रा आणि खाचेत आळसावलेली रिंग, दोन्ही अर्धा तास चालल्यावर बरेचदा जागेवर येतात.

पेट्रोल जुन्या टाकीतलं मुळीच नको. ते विटून वॉर्निशसारखं झालेलं असतं. पंपाची नळी काढून कार्बोरेटरला छोट्या डब्यातून ताजं पेट्रोल द्या, डबा एक्झॉस्टपासून दूर टांगा आणि नळी नवीच घ्या, कारण आता पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये जुनं रबर टिकत नाही. गॅरेजचं दार उघडं, अग्निशामक हाताशी. इंजिन चालू झाल्यावर तेलाचा दिवा पाच सेकंदांत विझला नाही तर चावी बंद. विझला तर वीस मिनिटं रेस न वाढवता चालू द्या, पाण्याच्या पंपाखाली आणि हेडच्या सांध्यावर टॉर्चचा उजेड टाकत राहा, आणि गरम असतानाच ते नवं तेल काढून टाका. ते काळंकुट्ट निघेल. गाडी मात्र जागची हलवायची नाही : क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असेल तर पेडल दाबूनही गिअर पडताच ती उडी मारते, आणि थांबवायला ब्रेक अजून तपासलेले नाहीत. ते पुढच्या आठवड्यात.