टायरमधला चीक

फणस कापायला बसण्यापूर्वी हाताला आणि विळीला खोबरेल तेल चोळायचे, हे गुहागरकडच्या मुलांना कोणी शाळेत शिकवत नाही. चीक पाण्याने जात नाही, तेलाने जातो, हे घरोघरी ठाऊक असते. म्हणूनच सायकलच्या टायरमध्ये वाळलेला चीक कसा काढावा असे कोणी विचारले, तर कोकणात पहिला सल्ला तेलाचाच मिळेल. हा सल्ला टायरला घातक आहे. तो का, हे पाहताना रबराचे बरेचसे रसायनशास्त्र हाती लागते.

टायरमध्ये चीक कुठून आला? दाभोळ-धोपावे फेरीबोटीतून सायकली घेऊन गुहागरकडे येणारे हौशी सायकलस्वार आता पुष्कळदा दिसतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या सायकलींना ट्यूब नसते. टायर थेट रिमवर घट्ट बसवतात आणि आत थोडा पांढरा द्रव ओततात. त्याला सीलंट म्हणतात. बहुतेक सीलंटमध्ये रबराच्या झाडाचा चीक, म्हणजे लॅटेक्स, हा मुख्य घटक असतो. त्यात अमोनिया, लवकर सुकू नये म्हणून ग्लायकॉलसारखा पदार्थ आणि बारीक तंतू किंवा कण मिसळलेले असतात. सड्यावरच्या वाटेवर करवंदीचा काटा टायरमध्ये घुसला, की बाहेर पडणाऱ्या हवेबरोबर द्रव भोकात शिरतो, तंतू तिथे अडकतात, चीक साकळतो आणि भोक बुजते. कल्पना जुनीच आहे. फणसाचा चीक तापवून फुटकी मातीची भांडी सांधण्यासाठी आणि होड्यांच्या फटी बुजवण्यासाठी वापरल्याच्या नोंदी आहेत.

लॅटेक्स म्हणजे पाण्यात विरघळलेले रबर नव्हे. दुधात जसे स्निग्धाचे थेंब तरंगतात, तसे लॅटेक्सच्या पाण्यात रबराचे सूक्ष्म कण तरंगत असतात. प्रत्येक कणाभोवती प्रथिने आणि फॉस्फोलिपिडे यांचे वेष्टन असते. त्यावर ऋण विद्युतभार असल्याने कण एकमेकांना दूर ढकलतात. अमोनियामुळे द्रव अल्कधर्मी राहतो, जिवाणूंची वाढ रोखली जाते आणि ही व्यवस्था टिकते. आम्ल घातले की ती मोडते, म्हणून रबराच्या मळ्यांत चीक गोठवण्यासाठी फॉर्मिक आम्ल वापरतात. पाणी उडून गेल्यानेही तोच परिणाम होतो. कण एकमेकांना भिडतात, वेष्टने फाटतात आणि पॉलिआयसोप्रीनच्या लांबलचक साखळ्या एकमेकींत गुंततात. दही लागल्यावर त्यात पाणी घालून पुन्हा दूध मिळत नाही, तसेच हे आहे.

टायरमधून पाण्याची वाफ हळूहळू निसटत असते. त्यामुळे दोन ते सहा महिन्यांत सीलंट वाळते. उष्ण हवेत ते लवकर वाळते. टायर उघडला की आत कुठे पातळ पापुद्रा, कुठे लिबलिबीत गोळे दिसतात.

आता तेलाकडे वळू. फणसाच्या चिकात राळेसारखे पदार्थ जास्त आणि रबर थोडे असते. राळ तेलात मऊ होते आणि हाताच्या कातडीला तेलाने काही होत नाही. टायरमध्ये मात्र काढायचा पदार्थ रबर आहे आणि तो ज्याला चिकटला आहे तेही रबरच! जे एकाला सोडवेल ते दुसऱ्यातही शिरेल. टायरच्या रबराचे गंधकाच्या साहाय्याने व्हल्कनीकरण झालेले असते. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये शोधलेल्या या प्रक्रियेत शेजारच्या साखळ्या गंधकाच्या पुलांनी जोडल्या जातात. त्यामुळे टायर तेलात किंवा पेट्रोलमध्ये विरघळत नाही, पण फुगतो आणि फुगलेले रबर कमजोर होते. टायर रिमच्या ज्या कडेला घट्ट बसून हवा धरतो, तिथे ही कमजोरी परवडणारी नाही. पेट्रोलला तर आगीचाही धोका आहे.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. सारखे तीन रबरबँड घ्या. एक पाण्यात, एक खोबरेल तेलात, एक टर्पेंटाइनमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुसून लांबी मोजा. पाण्यातला जवळजवळ तसाच राहील, टर्पेंटाइनमधला सर्वांत जास्त वाढलेला दिसेल. टर्पेंटाइन शिक्षकांनीच हाताळावे, खिडक्या उघड्या आणि जवळपास ज्योत नको. फुगवलेल्या फुग्यावर संत्र्याची साल पिळली तर तो फट्‌कन फुटतो, ही करामतही याच जातीची आहे. सालीतले लिमोनीन रबरात शिरते.

बर्फाचा उपाय काहीजण सुचवतात, कारण कपड्याला चिकटलेले च्युइंगम बर्फाने कडक होऊन सुटते. नैसर्गिक रबर मात्र उणे ७० अंश सेल्सिअसच्या आसपास गेल्याशिवाय काचेसारखे ठिसूळ होत नाही. आपल्या फ्रीजचे तिथे काही चालत नाही.

तेव्हा उरतो तो हाताचा मार्ग. द्रव ओला असतानाच पाण्याने धुऊन घेणे सर्वांत सोयीचे. अर्धवट वाळलेला असेल तर पूर्ण वाळू द्यावा, कारण ओलसर चीक बोटाने नुसता फासला जातो. मग टायर कोमट साबणाच्या पाण्यात काही वेळ बुडवावा. पापुद्र्यात मागे राहिलेली प्रथिने थोडे पाणी शोषतात, पापुद्रा पांढुरका होतो आणि त्याची पकड सैल होते. त्यानंतर अंगठ्याने एका दिशेने रगडले, की खोडरबराच्या किसासारख्या वळकट्या सुटू लागतात. गोळ्यांसाठी प्लॅस्टिकची पट्टी पुरे. चाकू किंवा तारेचा ब्रश आतल्या धाग्यांपर्यंत पोचतो, म्हणून नको. ज्यांना लॅटेक्सची ॲलर्जी आहे त्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे.

सगळा टायर लख्ख करण्याचा हट्ट आम्हाला अनाठायी वाटतो. मधल्या भागातला पातळ थर बिनधास्त राहू द्यावा, त्याने काही बिघडत नाही. लक्ष द्यायचे ते कडांकडे, रिमच्या खाचेकडे आणि व्हॉल्व्हकडे. कडेला चिकटलेला ओबडधोबड थर राहिला तर टायर रिमवर नीट बसत नाही आणि तिथून हवा झिरपते. व्हॉल्व्हचा आतला भाग काढून टाचणीने साफ करता येतो. तो फारच बुजला असेल तर नवा घालणे बरे. नवे सीलंट ओतल्यावर तारीख लिहून ठेवावी आणि दोनेक महिन्यांनी टायर कानाशी धरून हलवून पाहावा. आत डुचमळण्याचा आवाज आला तर द्रव शिल्लक आहे.

काढलेल्या वळकट्या एकत्र दाबल्या तर त्यांचा गोळा होतो. तो एक मीटर उंचीवरून टाकून किती उसळतो ते मुलांना मोजायला द्यावे आणि तेवढ्याच मोठ्या खोडरबराशी तुलना करायला सांगावी.